मिटलेल्या डोळ्यांवरचं काजळ

५ ऑगस्ट, मंगळवार
अथ पलाण्डुप्रकरणम्. शंकर नगरच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने आजपासून पोह्यांवर कांदा घालणं बंद केलं. घोषणा नाही, सूचना नाही. प्लेट हातात आली तेव्हा कळलं.
"भैया, कांदा?"
"बोलना पड़ेगा, अंकल."
म्हणजे आजवर जे न मागता मिळत होतं ते आता तोंड उघडून मागायचं. ब्राह्मणाने कांद्यासाठी याचना करावी, ही कलियुगाची शेवटची खूण असावी. न मागता मिळणाऱ्या गोष्टी तशाही शुभा गेल्यापासून, संसार एकट्याचा झाल्यापासून, फार उरल्या नाहीत.
दुपारी नागपूरहून पेपरच्या डेस्कचा फोन. मुंबईच्या लिलावात दिगूचं चित्र कोटींत गेलं. "तुमच्याच रायपूरचा ना तो? चित्रं एवढी महाग का असतात, यावर चारशे शब्द द्या. आणि संस्कृत आवरा."
दिगू. बूढ़ापारा मोहल्ल्यात आमच्या जुन्या घराच्या भिंतीला त्याची भिंत. तलावाकडच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग दिल्लीला गेला, मोठा झाला, गेल्या वर्षी वारला. मला ते पेपरातून कळलं, तेही माझ्याच.

७ ऑगस्ट, गुरुवार
लेख पाठवला. थोडक्यात असा: माणूस मेला की त्याची नवी चित्रं बंद होतात, आणि बंद झालेल्या दुकानाचा माल सगळ्यांना हवासा होतो. दोन श्रीमंतांना एकच वस्तू हवी असली की किंमत वस्तूची राहत नाही, अहंकाराची होते. आणि प्रत्येक चित्राला एक गोष्ट लागते. कुणाकडे होतं, कुठे सापडलं, पहिलं कोणतं. गोष्ट जितकी चांगली तितकी शून्यं जास्त.
डेस्क म्हणे, छान, पण कोरडं. दिगूबद्दल काही खाजगी?
आहे. दिलं नाही.
आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे दिगूने केलेत. लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात जुने तडकले, तेव्हा याने शाडूचे दोन घडवले, रंगवले. मोबदला पुरणपोळ्या. थोरली आणि धाकटी, दोघींचे डोळे अर्धवट मिटलेले. शु. नवी सून, पण गप्प बसणारी नव्हे. "भाऊजी, या तर झोपल्यात! देवीने पंगतीकडे बघायला नको? कोणाच्या पानात काय कमी आहे ते?" दिगू म्हणाला, त्या विचार करताहेत. शु. म्हणाली, तीन दिवस पाहुण्या आल्यात, विचार नंतर करतील. आणि हार्डवेअरच्या दुकानातून ऑइलपेंटच्या दोन डब्या आणून दोघींचे डोळे टक्क उघडले.
दिगूने पंगतीत पाहिलं. हसला. "वहिनी, आता या तुमच्या."
तेव्हापासून दर वर्षी आवाहनाच्या आदल्या दिवशी ती बसायची. डोळे, भुवया, कुंकू, नवा हात. घरचा नियमच झाला: रंग ताजा केल्याशिवाय बसवायच्या नाहीत.

११ ऑगस्ट, सोमवार
लेखाला एक वाचक मिळाला. दिल्लीच्या गॅलरीतून नंदिताजी. फोनवर, हिंदीत, फार गोड. दिगूने म्हणे शेवटच्या आजारात त्यांना सांगितलं होतं: माझे पहिले मिटलेले डोळे रायपूरच्या एका मराठी घरात आहेत, पण एका वहिनीने ते उघडले. हे घर त्या कधीच्या शोधताहेत; लेखावर रायपूर वाचून मला विचारलं, ते आमचंच निघालं. गुरुवारी येतात.
मी हो म्हटलं. घरात कुणी यावं असं वाटलं असावं.

१४ ऑगस्ट, गुरुवार
आल्या. हातमोजे घालून मुखवटे उचलले. शु.च्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले होते, ते लुगडं मात्र सोफ्यावर टाकलं.
कळलं ते असं. दिगूच्या ज्या चित्रांना आता कोटी मिळतात त्या सगळ्या मिटल्या डोळ्यांच्या बाया. आणि त्या सगळ्यांच्या आधीच्या या दोघी. भिंग लावून पाहिलं. मानेच्या आतल्या बाजूला त्याचा 'दि' सापडला. बाईंनी त्यावरून भिंग आणखी दोनदा फिरवलं.
"सर, नीचे ओरिजिनल बिलकुल सेफ है. हमारे लोग ऊपर की लेयर्स उतार देंगे. धीरे-धीरे, रुई से."
"और ऊपर जो है?"
"ऊपर तो ओवरपेंटिंग है."
ओव्हरपेंटिंग. शुभाला इतकं लांबलचक नाव कुणी दिलं नव्हतं. तिला आवडलं असतं. हळदीकुंकवात सांगितलं असतं सगळ्यांना.
किंमत सांगितली. लिहीत नाही. माझा लेख खरा ठरला एवढंच.
त्या गेल्यावर मुखवटे तसेच टेबलावर ठेवून बसलो. धाकटीचा डावा डोळा कोपऱ्याशी घसरलाय. शेवटच्या वर्षी तिचा हात कापत होता, केमोनंतर. मागचं वर्ष सुतकाचं, म्हणून त्या पेटीतच. म्हणजे या डोळ्यांवर शेवटचा हात तिचाच. या घरात तिच्या हाताचं एवढंच अजून जागच्या जागी आहे. लोणचं संपलं.

१६ ऑगस्ट, शनिवार
बूढ़ापाऱ्यात कुसुमताईकडे. दिगूची थोरली बहीण. त्याच गल्लीत, त्याच खोलीत, गुडघे सोडून सगळं शाबूत. गॅलरीवाली बाई तिच्याकडेही जाऊन आलेली.
"मले म्हणे, भाईसाहब का कुछ रखा है क्या? काय ठेवलं राहीन, अनंता? सैपाकघराच्या भिंतीवर कोळशानं काढलं होतं त्यानं, आईचं. दिवाळीले चुना मारला. दर दिवाळीले मारतो आपण. मारत नाही का?"
मारतो, म्हटलं.
"तं ती बाई भिंतीकडे अशी पाहून राहिली, जशी मीच पोट्ट्याचा गळा दाबला."
हसलो दोघं. मग ती हसायची थांबली.
"तुह्या महालक्ष्म्या आहेत ना, त्या आईच आहे. दुपारी सगळ्यायचं जेवण झालं का आई चुलीपाशी बसल्या बसल्या डोळे मिटे. झोपे नाही. तशेच काढले होते दिगूनं. शुभानं रंगवले तं मी काही बोलली नाही. नवी नवरी होती, तिले काहून दुखवा?"
इतकी वर्षं पंगतीला यायची, नमस्कार करायची, बोलली नाही.
निघताना म्हणाली, "ती बाई रंग काढते म्हणते. एकदा पाहू दे ना मले."
मी सॅंडल घालण्यात फार वेळ लावला.

२० ऑगस्ट, बुधवार
नंदिताजींचे तीन फोन. आदराने घाई करायची कला दिल्लीकडून शिकावी.
न्यायशास्त्रात एका वस्तूचे दोन मालक असले तर वाद सोपा. इथे वस्तू एक आणि माणसं एकावर एक. खाली कुसुमताईची आई, वर माझी बायको. एकीला बघायचं तर दुसरीला पुसायचं. बाजार म्हणतो खालची खरी. घरचा नियम म्हणतो वर नवा हात द्या. तो दिला की शु. तशीही झाकली जाणार, माझ्याच कुंचल्याखाली. म्हणजे मी काहीही केलं तरी…
कांदा आज न मागता मिळाला. पोहेवाल्याचा मुलगा गल्ल्यावर होता, त्याला नवा कायदा ठाऊक नव्हता.

२६ ऑगस्ट, मंगळवार
तीजा. आपली हरतालिका, पण इथे छत्तीसगढात या सणाला लेकी माहेरी येतात. भाऊ, बाप घ्यायला जातात. बसस्टँडवर बातमीसाठी गेलो होतो. पिशव्या, नव्या साड्या, खिडकीतून हात. एक म्हातारा मोटरसायकलवर लेक, नातू आणि फणसाएवढं बोचकं घेऊन जाताना दिसला. ट्रॅफिकचे सगळे नियम मोडून. कुणी अडवलं नाही.
लेकीला, मृणालला, फोन केला नाही. तिला वाटलं असतं, बाबा बोलावताहेत. मी बोलावत नव्हतो असंही नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
मृ.चाच फोन आला, बंगळुरूहून, व्हिडिओवर. मी मराठीत, ती हिंदीत, नेहमीप्रमाणे. शु. मधे असायची तेव्हा दोन्ही नद्या तिच्यात मिळायच्या.
गॅलरीचं सगळं सांगितलं.
"दे दो ना, बाबा. वहाँ सेफ रहेंगी. आपके बाद कौन संभालेगा?"
आपके बाद. सहज म्हणाली. पोरीने खरं बोलायचं शिक्षण आईकडून घेतलंय.
मी कॅमेरा धाकटीकडे वळवला. म्हटलं, हा डावा डोळा बघ. तुझ्या आईचा शेवटचा हात. कापतोय बघ किती. हा पुसू?
ती स्क्रीनच्या जवळ आली. मग म्हणाली, "बाबा, ये मम्मी का हाथ नहीं है. ये मेरा है."
"काय?"
"छठी में थी मैं. ज़िद करके एक आँख मैंने बनाई थी. बिगड़ गई. हर साल मम्मी उसी टेढ़ी लाइन पे ब्रश चलाती थी. मैं बोलती थी, सीधी कर दो ना. वो बोलती थी…" आणि इथे ती एकदम मराठीत, थेट शुभाच्या सुरात, "देवी तुझ्या डोळ्याने बघते बाई, राहू दे."
मी कॅमेरा तसाच त्या डोळ्यावर धरून ठेवला.
शेवटच्या वर्षी, कापऱ्या हातानेही, तिने लेकीची चूक चुकू दिली नाही. आणि मी पंधरवडाभर त्या रेघेपाशी बसून तिचा आजार आठवत होतो.
"येतेस का महालक्ष्म्यांना?"
"देखती हूँ, बाबा. ऑफिस में सॉफ्टवेयर की रिलीज़ है."

३० ऑगस्ट, शनिवार
उद्या आवाहन. कुसुमताई सकाळीच आली, रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याशी भांडत. भाज्या निवडल्या, मला तीनदा बावळट म्हटलं. मी ऑइलपेंटची डबी उघडली तेव्हा समोर येऊन बसली. मी थांबलो.
"मार ना," म्हणाली. "खाली आहे ना आई? मंग झालं." मग थोरलीच्या पापणीवरून अंगठा फिरवला. "पण एकदा जर…" उठून आंबील बघायला गेली.
जुन्या रेघेवरूनच कुंचला चालवला. शुभाच्या रेघेला एक सवय आहे, शेवटी किंचित वर जाते, "अहो" म्हणताना तिचा आवाज जायचा तशी. हे आज कळलं, वरून रंग देताना. थोरलीचे दोन्ही झाले, धाकटीचा उजवा झाला. डावा ठेवलाय. डबीचं झाकण घट्ट लावून कुंचला टर्पेंटाइनमध्ये. मृ.चा निरोप नाही. सकाळच्या विमानाने आली तरी आवाहनाआधी पोचेल. नाही आली तर तेवढा डोळा मीच गिरवीन, वाकडाच.
सायंकाळी नंदिताजींचा पुन्हा फोन. उचलला नाही.
चारशे शब्दांत मी सगळ्या देशाला सांगितलं की चित्र महाग का होतं. स्वतःशी मात्र एवढंच खरं लिहितो. मला रंगाची काळजी नाही, दिगूच्या नावाचीही नाही. काळजी ही आहे की मी गेल्यावर या घरात या रेघेवरून हात फिरवणारं कुणी असणार नाही, आणि असं झालं तर ती दिल्लीची बाईच काय ती यांना जपेल. म्हणून तिला अजून नाही म्हणालेलो नाही.