अण्णांचा गुरुवार

ती. अण्णांना,
सुमनचा साष्टांग नमस्कार.

वसंताने पाठवलेलं पार्सल काल दुपारी इथे परदेशात, ब्रेडाला पोचलं. गोडा मसाला अर्धा किलो, उदबत्तीचे चार पुडे, नवं पंचांग, आणि फडक्यात गुंडाळलेली तुमची एक जुनी वही. टपालखर्च दोन हजार एकशे चाळीस रुपये. एवढ्या पैशांत मसाला इथेही आला असता, हे मी धाकट्या भावाला फोनवर ऐकवलं. तोवर वही उघडली नव्हती.

वहीमुळेच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि हे माझं पहिलंच पत्र.

वाईला शाळेत होतात, चौदा-पंधरा वर्षांचे, तेव्हाची ही वही. शंभर वर्षं होत आली. तुम्ही वार लावून जेवत होतात, रोज एका घरी, एवढं आम्हाला ठाऊक होतं. विचारलं की म्हणायचात, "लोक भले होते." संपलं. वहीत मात्र सगळी गंमत आहे. "सोमवार, जोशीकाकू. भात पुष्कळ. अजून वाढू का असे दारातून विचारतात, मग नको म्हणावे लागते." "मंगळवार, वकील. ताक पातळ. त्यांच्या बाळूस गणित शिकविणे. बाळू गाढव आहे." नदी पोहून पलीकडे गेलात आणि पैजेचे दोन पेरू जिंकलेत. नाटक कंपनी आली तेव्हा तंबूबाहेर उभं राहून दोन अंक ऐकलेत. "मास्तरांनी पाहिले. तेही बाहेरच उभे होते."

अण्णा, हा चावट मुलगा आमच्यापासून कुठे लपवून ठेवला होतात? आम्हाला ठाऊक होते ते वर्तमानपत्र घडी न मोडता वाचणारे अण्णा. याच्याशी माझी ओळख व्हायला बहात्तर वर्षं जावी लागली.

मी हे मोठ्याने वाचत होते आणि माझी नात इरा, मीनाची मुलगी, पावावर चॉकलेटची शेव पसरत ऐकत होती. ती आत्ता पंधराची आहे. मग गुरुवार आला. "गुरुवार, कोणी नाही. वर्गात उपास आहे असे सांगितले. बरे झाले, आता कोणी विचारीत नाही."

मी कौतुकाने म्हटलं, "बघ, पणजोबा तुझ्या वयाचे असल्यापासून दत्ताचा उपास करायचे."

तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. म्हणाली, "आजी, जेवण समोर असताना सोडलं तर उपास. याला गुरुवारी कुणी बोलावलंच नव्हतं."

ती ओळ मी पुन्हा वाचली. आणखी एकदा वाचली. खरंच की हो.

तुमचं पाहून मी पंचावन्न वर्षं गुरुवार धरला आहे. बाळंतपणातसुद्धा सोडला नाही. आता मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. इथली हाउसआर्ट्स, म्हणजे आमची नेहमीची डॉक्टरीण, दर खेपेला बजावते की गोळी घेऊन उपाशी राहू नका. दोन महिन्यांपूर्वी, गुरुवारीच, सुपरमार्केटात दुधाच्या कपाटापाशी मी खाली बसले आणि उठताच येईना. मीना ऑफिस सोडून धावत आली. गाडीत म्हणाली, "आई, उपाशी मर म्हणून दत्ताने तुला चिठ्ठी पाठवली आहे का?"

मी म्हटलं, "दत्ताने नाही, अण्णांनी घालून दिलंय."

तेव्हापासून गुरुवारी ती माझ्याशी बोलत नाही. घरूनच काम करते आणि दर तासाला माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते.

माझा मॅट्रिकचा निकाल लागला तो गुरुवार, आठवतं? आईने शिरा केला होता. तुम्ही ताटाला नमस्कार केलात आणि म्हणालात, "उद्या खाईन, शिळा जास्त गोड लागतो." मी परसात जाऊन रडले होते. तेव्हा पोटात एक घास घालायला काय झालं होतं? आपल्या घरात भात होता, शिरा होता, वाढणारी माणसं होती. तरी तुम्ही तो दिवस कोराच ठेवलात. पोरवयात सांगितलेल्या खोट्याची भरपाई करत होतात का? की तो खरंच दत्ताचा होऊन गेला होता?

पुढच्या पानावर एक ओळ आहे. "गुरुवारी देवळात बसतो. आरतीनंतर पुजारी बत्तासा देतात. बरे वाटते." यावरून मला वाटतं, देवाला तुम्ही फसवलं नाहीत. कुणी बोलावलं नाही त्या दिवशी त्यानेच तुम्हाला जवळ बसवून घेतलं. ते तुमचं आणि त्याचं. मी मधे पडत नाही. पण अण्णा, मला सांगायला हवं होतंत.

परवा गुरुवार आहे. पूजा करीन, आरती करीन आणि मग पानं मांडीन. तुमचा गुरुवार रिकामा होता ना, तो आता माझ्याकडे लावा. आमटी, भात, भेंडीची भाजी आणि गरम पोळ्या. तुमच्या पानासमोर माझं पान असेल आणि मी पोटभर जेवेन, हा शब्द देते. मीनाला अजून बोलले नाही. ताट पाहून कळेल तिला.

येणार की नाही, ते उलट टपाली कळवा. कणीक त्या बेताने भिजवीन.

तुमची,
सुमन