एका ओळीची दुरुस्ती

बोरगाव मेघे, वर्धा
२ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप आजोबांस,
अनुपचा साष्टांग नमस्कार.

फोनवरचं बोलणं टिकत नाही असं तुम्ही म्हणता, म्हणून हे पत्र. चुका लाल शाईने दाखवालच.

शालेय बेसबॉल स्पर्धेतली माझी चेंडूफेक पाहून व्यावसायिक लीगच्या युवा संघाने मला निवडलं आहे. अट एकच: १ सप्टेंबरला वय अठराच्या आत हवं. माझा जन्म १४ नोव्हेंबर २००५चा. पण पहिलीत नाव घालताना सहा वर्षं भरत नव्हती, म्हणून मुख्याध्यापक या नात्याने तुम्हीच दाखलखारीज रजिस्टरात १४ जून लिहिलं. मी घरीच जन्मलो, दुसरा कागद नाही. तुम्ही एका ओळीची लेखी कबुली दिलीत तर तारीख दुरुस्त होईल, असं शिक्षण खात्यातले साहेब म्हणाले. आई म्हणते, मामाजीले लिहून पाह्य, नातवासाठी ते नाई म्हननार नाईत.

लोभ आहेच, तो त्या ओळीत उतरावा.
तुमचा अनुप

आर्वी
९ ऑगस्ट २०२३

चि. अनुप यास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. त्यात अकरा चुका निघाल्या. तपासलेली प्रत सोबत जोडली आहे.

निवडीचा आनंद झाला. परंतु माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेत रजिस्टरात एकही खाडाखोड नाही. निरोपसमारंभात सर्वांनी तेच वाखाणले होते. एक नोंद खोटी होती असे मीच लिहून दिले, तर उरलेल्या नोंदींवर कोण विश्वास ठेवील? केलेली नोंद बदलत नसते. तुझी आई परवा येऊन दोन तास ओट्यावर बसली होती. तिलाही हेच सांगून एस.टी.त बसवून दिले. रडताना ती वऱ्हाडीत जे बोलली, ते येथे उतरवण्याजोगे नाही.

चेंडू फेकणे हा काही व्यवसाय नव्हे. बी.ए.ला प्रवेश घे.

आमचा लोभ तारखांवर अवलंबून नाही, हे जाणून असावे.
भैयाजी

आर्वी
१८ नोव्हेंबर २०२५

चि. अनुप यास अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांत तुझे पत्र नाही. पुलगावला कापसाच्या गाठी वाहतोस आणि संध्याकाळी सराव करतोस, एवढे कानावर होते. आता वयाची अट नसलेल्या मुख्य संघात तुझी निवड झाल्याचे वर्तमानपत्रात वाचले. चेंडू फेकणे हाही व्यवसाय आहे, हे मान्य करतो.

मात्र बातमीत ‘कै. भैयाजी यांचा नातू’ असे छापले आहे. हिरालाल दुकानदार हार घेऊन सांत्वनाला आला आणि मला ओट्यावर पाहून फाटकातच थबकला. चौकात लोक तोंड फिरवून हसतात. संपादक म्हणतात, संघाच्या माहितीपत्रकातच तसे आहे. कारकुनाची चूक असावी. पुढील महिन्यात शाळेत तुझा सत्कार आहे. अध्यक्षस्थानी मी आहे. तत्पूर्वी एका ओळीचे दुरुस्तीपत्र पाठव.

लोभ आटला नसेल, असे धरून चालतो.
भैयाजी

बोरगाव मेघे, वर्धा
२ डिसेंबर २०२५

श्री. भैयाजी यांस,
नमस्कार.

आपले पत्र तपासून परत पाठवत आहे. त्यात एकही चूक नाही.

कारकुनाचीही चूक नाही. माहिती मीच भरून दिली. कुटुंबाच्या रकान्यात, आजोबा हयात नसल्यास निधनाची तारीख विचारली होती. मी ९ ऑगस्ट २०२३ लिहिली. खाडाखोड केलेली नाही. केलेली नोंद बदलत नसते.

सत्काराला मी येणार नाही. हिरालालकाकांचा हार ठेवून घ्यावा. आईने नमस्कार सांगितलेला नाही.

लोभ होता.
अनुप