हिच्या हृदयाची बॅटरी

३ मार्च
हिच्या छातीत पुन्हा धडधड. डॉक्टर म्हणाले, ठोक्यांची लय बिघडते, गोळी चुकवू नका आणि फार विचार करू नका. शेवटचं बहुधा मला उद्देशून. पण विचार मी नाही करायचा तर कोणी? ही तर खुशाल झोपते.

४ मार्च, सकाळी
वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मोबाइलवर लेख दाखवला. शरीरातलं आम्ल वाढलं तर ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. होऊ शकतो म्हणजे होतोच. लिहिणारे लोक भित्रे असतात.
उभा जन्म बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात गेला. टर्मिनलवर आम्लाचा थर चढला की गाडी आचके देते. सोड्याचं पाणी ओतायचं, ब्रश मारायचा, गाडी चालू. हृदय विजेवर चालतं हे डॉक्टरच म्हणाले होते. आता यात कॉलेजात जाऊन शिकण्यासारखं काय राहिलं?

५ मार्च
डाएट सुरू. चहा, दही, टोमॅटो, लोणचं बंद. लिंबाबद्दल दोन मतं आहेत, म्हणून तेही बंद. काकडी, दुधी, पालक. दिवसातून तीनदा खायच्या सोड्याचं पाणी. गोळ्या चालू ठेवल्यात, मी आडमुठा नाही.
ही म्हणाली, अहो, मी काय गाडी आहे का. म्हटलं, असतीस तर एव्हाना दुरुस्त झाली असतीस.
मीही सगळं पाळणार आहे. चहा सोडून, कारण धडधड मला नाही.

९ मार्च
मुलगी आली. सोड्याचा डबा हातात घेऊन म्हणाली, बाबा, डॉक्टरांना विचारलंत का. विचारलं तर ते नाही म्हणतील, मग विचारायचं कशाला? म्हणाली, आईचं तोंड किती उतरलंय बघा. म्हटलं, आम्ल उतरतंय. पोरीला विनोद कळत नाही. आईवर गेलीय.

१३ मार्च
हिच्या पोटऱ्यांत गोळे. हातपाय गळाल्यासारखे. कपडे वाळत घालताना मध्येच पायरीवर बसली. चांगलं लक्षण. साफसफाई चालू असताना बॅटरीही आधी थोडी बसते. सोडा वाढवला.

१५ मार्च
ही म्हणाली, घोटभर चहा द्या, मग मेले तरी चालेल. निव्वळ नाटक. दिला नाही. माझा कप मी खिडकीत उभा राहून प्यायलो, हिला वास नको म्हणून. बायकोचा इतका विचार कोण करतं.

१७ मार्च
दुपारी भांडी घासता घासता ही खाली बसली ती उठेचना. आधी सोड्याचा ग्लास तोंडाला लावला. मग मुलीला फोन केला. तिने येऊन पहिल्यांदा ग्लास मोरीत ओतला आणि मग ॲम्ब्युलन्स बोलावली. हा क्रम मला आवडला नाही.
हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, काय काय देत होतात. सगळं सविस्तर सांगितलं, बॅटरीसकट. ते लिहायचे थांबले. म्हणाले, सोड्याने रक्तातलं पोटॅशियम पार खाली गेलंय, लय त्यानेच बिघडली, उशीर झाला असता तर बाई हाती लागल्या नसत्या. म्हणजे खाण्याचा आणि ठोक्यांचा संबंध असतो, हे माझं बरोबर निघालं. तसं म्हणालो. डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं, नर्सने छताकडे.

२० मार्च
कालपासून ठोके सरळ आहेत म्हणे. आज भेटायला सोडलं. हिच्या खाटेशेजारी टीव्हीसारखं यंत्र, त्यावर हिरवी रेघ, अगदी शहाण्यासारखी चाललेली. मी आत पाऊल टाकलं. हिने डोळे उघडून मला पाहिलं. रेघ नाचायला लागली, यंत्र ओरडायला लागलं. नर्सने मला बाहेर काढलं. काचेतून पाहिलं, तर रेघ हळूहळू जागेवर आली.
योगायोगही असेल. एकदा पाहून काही ठरत नाही, म्हणून पुन्हा आत गेलो. पुन्हा ओरडलं. तिसऱ्यांदा नर्स दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, आजोबा, खाली बाकावर जाऊन बसा, पेशंट जगायला हवाय ना तुम्हाला?

२० मार्च, संध्याकाळी
मुलगी खाली आली. म्हणाली, डिस्चार्ज मिळाला की आईला माझ्याकडे नेते. विचारलं, डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत. म्हणाली, डॉक्टरांनी नाही, आईने सांगितलेत. किती? म्हणाली, उरलेले सगळे.
मी सोबत कधी यायचं, ते विचारायचं राहून गेलं.