कार्ड न वाचता

सोमवार, ता. ६

नाही वाचणार म्हणाली! तोंडावर! चर्चच्या पाळकसाहेबांच्या खोलीत, चर्चचा सेक्रेटरी समोर बसलेला असताना — "हे कार्ड मी वाचणार नाही." माझी नात! वय एकोणीस, नखांत काळं ग्रीस, एका पायात पिवळा मोजा नि दुसऱ्यात हिरवा. मला वाटलं उठून टाळ्या पिटाव्यात. पिटल्या नाहीत, कारण मी तिथे नव्हतेच. हे सगळं तिने घरी येऊन सांगितलं, वर सेक्रेटरीचा चेहरा करून दाखवला. हसून हसून ठसका लागला मला.

पण नीट लिहायला हवं. भिंगरी म्हणते, "आजी, वहीला आधीचं काही माहीत नसतं, तिला पहिल्यापासून सांगायचं." (तिला सगळे भिंगरीच म्हणतात. एका जागी ठरेल तर शपथ.) वहीही तिनेच आणून दिली. अक्षरंही तिनेच घोटून घेतली, दोन वर्षं, सायकलच्या दुकानातल्या जुन्या बिलांच्या पाठीवर. मी दोन यत्ता शिकले, त्यातली एक धाकट्या भावाला कडेवर घेऊन. त्यामुळे भावाचं शिक्षण लवकर सुरू झालं, माझं राहिलं. असो.

तर या महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये दृढीकरण आहे. बाप्तिस्मा लहानपणी आईबापांनी दिलेला असतो. आता आपल्या तोंडाने मंडळीसमोर सांगायचं, की हो, हा विश्वास माझा. ते झालं की प्रभुभोजनाला जाता येतं, भाकर नि द्राक्षारस घेता येतो. आणि आमच्याकडे सांगायचं म्हणजे छापील कार्ड वाचायचं. अकरा ओळी. "मी अयोग्य, मी अपात्र…" दर वर्षी सगळी पोरं एकाच सुरात वाचतात, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशी.

भिंगरी म्हणाली, "देवाशी मी रोज बोलते. नेमकं त्याच दिवशी परक्यासारखं कशाला बोलू?"

घ्या! आता द्या उत्तर!

बुधवार, ता. ८

पोरीचे नवे चाळे. दर आठवड्याला ती वेगळी कोणीतरी होऊन बघते. "मी कोण आहे ते शोधतेय आजी. कपडे घालून बघतो ना, तसं." मागच्या आठवड्यात शिस्तशीर झाली होती — मंगळवारी दुपारी शिस्त संपली. या आठवड्यात कमी बोलणारी. सोमवारी काय झालं ते वर लिहिलंच आहे!

जे सापडतं ते ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. आज टॉवेल घ्यायला गेले नि वाचत उभी राहिले. बोट ठेवून वाचावं लागतं, पण वाचलं. मी!

"मला रांगेत उभं राहायला आवडतं."
"भांडणात मला उत्तर तासाभराने सुचतं."
"प्रार्थना करताना मला हसू येतं. देव रागावलेला वाटत नाही."

शेवटची तीनदा वाचली. सूनबाई मागून म्हणाली, "आई, टॉवेल घ्यायला इतका वेळ?"

गुरुवार, ता. ९

सायकलच्या दुकानात भिंगरी कामाला आहे, तिथे तिचा डबा पोचवायला गेले. चाक वाकडं फिरत असेल तर त्याचा आउट काढायचा असतो — चाक फिरवायचं, बघायचं, एकेक तार किल्लीने थोडी कसायची, थोडी सैल सोडायची. ती ओठ हलवत होती. म्हटलं, गाणं म्हणतेस काय गं? म्हणे, "प्रार्थना. छत्तीस तारा, छत्तीस माणसं. ज्या तारेवर हात, त्या माणसासाठी प्रार्थना. चाक सरळ होईपर्यंत सगळ्यांची दोनतीनदा होते."

"सेक्रेटरीची पण?"

"त्याची तार सारखी सैल पडते. त्याला जास्त वेळ लागतो."

"आणि मी कुठली?"

"हवा भरायच्या तोंडाजवळची. मोजायला तिथूनच सुरुवात करते."

मालक म्हणाला, "आजी, हिच्या हातची चाकं परत येत नाहीत." येतील कशी!

रविवार, ता. १२

सेक्रेटरीने डाव टाकला. त्याला आम्ही दोघी मोजपट्टी म्हणतो — उभा राहतो तसा, बोलतोही तसाच. उपासना संपल्यावर नियमांची जुनी वही उघडून पाळकसाहेबांना दाखवली. कार्डाशिवाय बोलायचं असेल तर शेजारी एका साक्षीदाराने उभं राहायचं. साक्षीदार वयाने मोठा, आणि प्रभुभोजन घेणारा सभासद हवा. "कोणी उभं राहिलं तर आपली हरकत नाही," म्हणाला. म्हणजे कोणी राहणार नाही ही खात्री! पंचवीस तारखेपर्यंत नाव द्यायचं.

मी हे सगळं मागच्या बाकावरून ऐकलं. मागचा बाक माझा. महिन्यातून दोनदा प्रभुभोजन असतं, तेव्हा तान्ही पोरं सांभाळायची नि त्यांच्या आयांना पुढे पाठवायचं, हे माझं काम. बावन्न वर्षं झाली. मोजपट्टीलाही मीच सांभाळलंय. सगळ्यांत जास्त तोच भोकाड पसरायचा. आता नियम काढतो!

सोमवार, ता. १३

घरात रामायण नको म्हणून मी गप्प बसते, पण आज बसले नाही. माझा मुलगा, भिंगरीचा बाप, तिला म्हणाला, "चारचौघांत हसं करून घ्यायचंय? अकरा ओळी वाच नि मोकळी हो. मी साक्षीदार होणार नाही." मी म्हटलं, "तू दृढीकरणाला कार्ड उलटं धरलं होतंस. पाठ होतं म्हणून निभावलं. ते हसं नव्हतं का?"

सूनबाई आत जाऊन हसली. भांड्यांचा आवाज आला, पण त्यात हसू होतं.

मग भिंगरी माझ्या खाटेवर येऊन बसली. "आजी, तू होशील माझी साक्षीदार?"

माझ्या तोंडातून हो निघून गेलं.

मंगळवार, ता. १४

काय करून बसले मी!

बुधवार, ता. १५

वही, तुला सांगते. दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही. भिंगरीच्या आजोबांनाही नाही, आणि ते आता नाहीत.

माझं दृढीकरण झालेलंच नाही.

सोळा वर्षांची होते. माहेरच्या चर्चमध्ये असंच कार्ड होतं. बाकीच्या पोरी घडाघडा वाचायच्या. मला अक्षर कळायचं, शब्द जुळायचा नाही. आदल्या रविवारी सराव होता. मी उभी राहिले, तिसऱ्या शब्दाला अडकले. तिथली वडील मंडळी, म्हणजे चर्चची पंचमंडळी, म्हणाली, "आधी वाचायला शीक, मग देवासमोर ये." पोरी हसल्या. खऱ्या दिवशी मी ताप आला म्हणून झोपून राहिले. ताप नव्हता. पांघरूण मात्र खरं होतं.

मग लग्न होऊन इकडे आले. मोठी बाई दिसते म्हणजे झालंच असणार, असं सगळ्यांनी धरलं. पहिल्या प्रभुभोजनाला पाय जड झाले. तेवढ्यात कुणाचं तरी बाळ रडलं. मी उचललं नि मागच्या बाकावर गेले. सुटले! पुढच्या वेळी परत एक बाळ. मग लोकच आणून द्यायला लागले. "किती प्रेमळ बाई!" प्रेमळ होतेच, त्यात खोटं नाही. पण लपलेही होते. बावन्न वर्षं भाकर समोरून जाते नि मी कुणाचं तरी नाक पुसत बसते.

आता काय करू? देवासमोर उभी राहून खोटी साक्षीदार होऊ?

शनिवार, ता. १८

तीन दिवस नीट जेवले नाही. भिंगरीला दिसलं. तिला वाटलं, मी लोकांना घाबरले. सकाळी केस विंचरता विंचरता म्हणाली, "आजी, राहू दे. मी कार्ड वाचते. अकराच ओळी आहेत."

मोजे दोन्ही निळे घातले होते. सारखे!

एकदा मला त्या कार्डाने पांघरुणाखाली घातलं. आता माझ्या पांघरुणात पोर पण शिरणार? नाही. अजिबात नाही. जमणार नाही!

सोमवार, ता. २०

सांगितलं. दुकानात जाऊन. मालक चहाला गेला होता.

तिने चाक फिरत सोडलं. ते आपोआप थांबलं, तेव्हा किल्ली खाली ठेवली. मला वाटलं, आता गेलं सगळं.

"बावन्न वर्षं?"

"बावन्न."

"आणि एकालाही पत्ता नाही?"

"बाळांना असेल. ती बोलत नाहीत."

मग ती हसायला लागली. हसता हसता रडली, ग्रीसचा हात डोळ्याला लावला, चेहरा काळा केला. "आजी, तू तर माझ्यापेक्षा वाह्यात निघालीस!" मग नाक ओढून म्हणाली, "मग सोपं आहे. आधी तू उभी राहा. तुझं झालं की तू सभासद. मग माझी साक्षीदार हो."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"तासाभराने सुचेल त्यांना."

मंगळवार, ता. २१

दोघी पाळकसाहेबांकडे गेलो. मोजपट्टी कोपऱ्यात रजिस्टर लिहीत बसलेला. त्याला बाहेर पाठवावं असं मनात आलं. मग म्हटलं, नको. लपायचं संपलं ना? मग संपलं.

सगळं उभ्यानेच सांगितलं. पाळकसाहेब तरुण आहेत, खुर्ची पुढे करत राहिले, मी बसले नाही. त्यांनी टेबलावरचं कार्ड उचललं, "आजी, हे आधारासाठी आहे हो. ज्यांना बोलायला सुचत नाही त्यांच्यासाठी."

"ज्यांना चालता येतं त्यांच्या हातात कुबडी देऊन, वापर नाहीतर घरी जा, म्हणायचं का?"

भिंगरीने खोकल्यासारखं केलं.

पाळकसाहेबांनी कार्ड परत टेबलावर उपडं ठेवलं. मग म्हणाले, "पहिलं नाव तुमचं, दुसरं नातीचं. पण आजी, कार्ड नाही म्हणजे तुम्हालाही साक्षीदार लागेल. नियम सगळ्यांना एकच."

"लागू दे."

मोजपट्टीचं पेन मघाच थांबलं होतं. टोपण लावलं, रजिस्टर मिटलं नि निघून गेला. आता वडील मंडळींना सांगत सुटेल. सांगू दे. मीच सांगितलंय आधी!

गुरुवार, ता. २३

मुलाला सांगितलं. "बावन्न वर्षं मंडळीला फसवलंस, असं म्हणतील, आई." म्हटलं, "म्हणू देत. तू काय म्हणतोस?" उठून पाणी प्यायला गेला. साक्षीदार होशील का, असं विचारणार होते. नाही विचारलं. विचारून उभा राहिलेला माणूस कार्ड वाचल्यासारखाच.

भिंगरी या आठवड्यात धीट बाई होऊन बघतेय. म्हणे, "तुझ्याकडे बघून करतेय. चुकलं तर सांग."

शनिवार, ता. २५

माझ्या साक्षीदाराचं नाव द्यायचा दिवस आज होता. पाळकसाहेबांना निरोप धाडला — नाव नाही. उद्या सगळ्यांसमोर विचारा. कोणी उठलं तर उठलं. नाही उठलं तर मी माझ्या बाकावर जाऊन बसेन, पण मान वर करून. आणि भिंगरीने कार्ड वाचायचं नाही, काही झालं तरी. तशी शपथ घालायला गेले तर म्हणाली, "शपथ नको, मी वाचणारच नाहीये."

मोजपट्टी मंगळवारपासून चर्चकडे फिरकलेला नाही. रस्त्यात दिसला, पलीकडच्या बाजूला गेला.

मुलाने माझ्या चपला पुसून दाराशी ठेवल्यात.

काय बोलायचं ते पाठ केलं नाही. देवाला म्हटलं, बापा, बोलणं तुझ्यावर. पायांचं मी बघते.

रविवार, ता. २६

पाळकसाहेबांनी विचारलं, "यांचा साक्षीदार कोण?" माझा मुलगा उठला — पण त्याच्या आधी पुढच्या रांगेतली खुर्ची वाजली. मोजपट्टी! सरळ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मला मांडीवर घ्यायच्या म्हणून यांची भाकर चुकली," म्हणाला. "मी साक्षीदार."

मी एवढंच बोलले, "तेव्हा वाचता येत नव्हतं म्हणून घरी बसले. आता येतं. तरी वाचणार नाही. देवा, मी तुझी आहे, आणि तुला ते ठाऊक आहे."

मग भिंगरीच्या शेजारी मी. ती बोलताना हसली, आणि कोणी रागावलं नाही. एक मोजा पिवळा, एक हिरवा.

भाकर घेतली. मागच्या बाकावर तीन बाळं एकदम रडायला लागली.

रडू देत!