पत्र्याच्या खोलीत हरवण्याची नोकरी

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामीचा राग, दोन्ही एव्हाना उतरली असतील. माझी प्रकृती ठीक, मन ठीक नाही.

पत्राला उशीर झाला, कारण मला नोकरी लागली होती. (आधी खाली बसा.) हरवण्याची नोकरी. इथे एक संशोधक बाई आहेत. त्यांच्या वडिलांना विसरण्याचा आजार आहे, नजर चुकली की निघाले. म्हणून बाईंनी कॉलरमध्ये शिवायचं एक बटण केलंय. यंत्राने बिनतारी हाक मारली की बटण ओ देतं, माणूस कुठल्या बाजूला आहे ते कळतं. पण हवेतल्या लहरींच्या कुठल्या पट्ट्यात कोणी बोलायचं हे एक सरकारी कार्यालय ठरवतं, आणि बाईंना लागणारा पट्टा एका कंपनीने अडवून ठेवलाय. (स्वतः वापरत नाही, रिकाम्या प्लॉटला कुंपण घालतात तसं.) तीन वर्षं अर्ज केल्यावर उत्तर आलं: उघड्यावर चाचणी करायची असल्यास उघड्यावर यशस्वी चाचणी झाल्याचा दाखला जोडावा. तोवर हाक बाहेर जाणार नाही अशा, पत्र्याने मढवलेल्या बंद खोलीत करावी. सबब मी कॉलरला बटण लावून त्या दहा बाय बारात, कधी कपाटामागे, कधी टेबलाखाली, चौदाशे वेळा हरवलो आणि चौदाशे वेळा सापडलो.

मंगळवारी आजोबा, म्हणजे बाईंचे वडील, बटण शिवलेला सदरा घालून खरोखरच निघून गेले. दोन तास गल्ल्या पालथ्या घातल्या. शेवटी मी यंत्र गच्चीवर नेऊन हाक मारली. पहिल्याच हाकेला ओ आली, जुन्या गोदामांकडून! आम्ही यंत्र आवरून, ते घेऊन जिना उतरतोय तोच कार्यालयाची गाडी दारात. (बेकायदा हाक त्यांना अकरा मिनिटांत सापडली.) साहेब वाईट नव्हता.

"अहो, माझे वडील आहेत तिकडे," बाई म्हणाल्या.

"बाई, शेजारच्याच पट्ट्यात रुग्णवाहिका बोलतात. त्यांच्यातही कुणाचे वडील असतात," असं म्हणून त्याने यंत्राला सील ठोकलं.

यंत्राशिवाय धुंडायची गोदामं चाळीस. आजोबा दुसऱ्या दिवशी सापडले, खुब्याचं हाड मोडून पडलेले. आता दवाखान्यात आहेत, बाईंना ओळखत नाहीत.

सोमवारी सुनावणी आहे. यंत्र बाईंनी लावलं असं ठरलं तर पाच वर्षं अर्ज करायची बंदी, म्हणजे काम संपलंच. नोकराने परस्पर लावलं असेल तर फक्त नोकराला दंड. मी कबुली दिली आहे.

तुमचा भाचा

ता. क. साहेबांना माझी कबुली पटत नाही, मी तेवढा बेजबाबदार वाटत नाही म्हणतात. (आयुष्यात पहिल्यांदा कोणी असं म्हणालं, तेही नेमकं आत्ता.) तरी निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने माझ्याबद्दलचं तुमचं मत सहीशिक्क्यानिशी तातडीने पाठवा. हात आखडता घेऊ नका. मामीलाही दोन ओळी लिहू द्या.

आणखी एक. हा भाग वाचून फाडून टाका. गच्चीवर बाईच गेल्या होत्या. पण त्या दिवशी आजोबांपाशी मला बसवलं होतं, आणि मी पाच मिनिटांत येतो म्हणून बाहेर पडलो होतो. तेव्हा दाखल्यात तुम्हाला खोटं काहीच लिहावं लागणार नाही.