शंभराच्या आत

१ जानेवारी १९५९. सकाळी साडेसहा.
नव्या वर्षाचे संकल्प: पहाटे पाचला उठणे (उद्यापासून), विडी बंद, आणि आगर शिक्षण फंडाचं कर्ज निकालात काढणे. कॉलेजसाठी सहाशे घेतले होते, नोकरी लागताच दरमहा दहा फेडायच्या बोलीवर. सरकारी कचेरीत नोकरी लागून सहा वर्षं झाली. दिले असते तर एव्हाना फिटलेसुद्धा असते. म्हणजे अवघड असं त्यात काहीच नाही.

४ जानेवारी, रविवार.
पनवेलहून रोडपालीला घरी गेलो. वाटेत फंडाचे अध्यक्ष दाजी भेटले. म्हणाले, "कमळाकर, आपल्या गावच्या वेणूचा मास्तरणीच्या ट्रेनिंगला नंबर लागलाय, न् फंडात दमडी नाय." शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्यांना नीट समजावून सांगितलं. ते मधेच निघून गेले.
घरी आईचं तेच. मिठागरावरच्या बायांनी एकेक दिवसाची मजुरी घालून फंड उभा केला, तीही त्यांत होती, वगैरे. ठाऊक आहे. व्यवहारात भावना आणू नये.

१९ जानेवारी.
फंडाने कोर्टातून माझ्यावर कर्जवसुलीची डिक्री मिळवली! तारखेला मी गेलो नव्हतो, कोट धोब्याकडे होता. पण आपलीच माणसं कोर्टाची पायरी चढतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. फार लागलं मनाला. दोन विड्या ओढल्या.

२० जानेवारी.
वकिलांचा कारकून महादेव याला चहा पाजला. तो म्हणाला, सरकारी नोकराच्या पगारातल्या पहिल्या शंभराला जप्ती नाही. वर असेल त्याच्या निम्मे कापतात.
माझा पगार ब्याण्णव!
कायदा किती समंजस असतो. महादेवला भजीही सांगितली.

२५ जानेवारी, रविवार.
आईला सगळं समजावलं. शंभराच्या आत आहे तोवर ब्रह्मदेवही माझ्या पगाराला हात लावू शकत नाही. तिने दोनदा विचारलं, "न् शंबराच्या वर गेला म्हंजे?" म्हटलं, मग वरचे निम्मे. कायद्यात तिला एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं. माझी बुद्धी तिच्याकडूनच आलेली दिसते.

१० फेब्रुवारी.
बढती! पाच अर्ज केले होते. आजपासून बिल क्लार्क. सगळ्या कचेरीचं पगारबिल माझ्या हातचं. पगार एकशे चौदा.
शंभराचं आठवलं, नाही असं नाही. पण फंडाला कळणार कसं? पगार ही खासगी बाब आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार.
दोन शेर पेढे घेऊन घरी. गावात वाटायला आईकडे दिले. सगळ्यांना नुसतं 'बढती झाली' एवढंच सांग म्हणालो. आकडा फक्त तिला सांगितला. आईला नाही सांगायचा तर कोणाला?

९ मार्च.
पगारजप्तीचा हुकूम साहेबांच्या नावे आला. पगाराचे कागद बिल क्लार्ककडे येतात, म्हणून माझ्याच टेबलावर. स्टेशनरीच्या फायलीत ठेवला. तिथे कोणी बघत नाही.

२३ मार्च.
कोर्टाचं स्मरणपत्र थेट साहेबांच्या हातात. कापले नाहीत तर कचेरीला भरावे लागतील, असं त्यात होतं. साहेब ओरडले नाहीत. फक्त "कापा" म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

३१ मार्च.
बिल लिहिलं. माझ्या नावासमोर, माझ्याच अक्षरात: कोर्ट जप्ती, रुपये सात. अक्षर चांगलं आलं.
शिपाई तुळशीरामने सगळ्यांदेखत विचारलं, "राव, तुमचे सात कमी कशे?" ऐकू न आल्यासारखं केलं.

५ एप्रिल, रविवार.
आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणूनच घरी गेलो. दाजीला आकडा कोणी सांगितला? आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच. पेढा दिला न् सांगितला."
विश्वासघात या विषयावर येताना वाटेत चार वाक्यं तयार केली होती. पहिलं सुरू केलं. ती म्हणाली, "सा वरसं मी देवलाच्या मागच्या वाटनं जाते. दाजीच्या दारावरनं जायाला तोंड नव्हतं. काल फुडच्या वाटनं गेले. वेणूच्या आईनं हाक मारून पानी दिलं."
उरलेली तीन वाक्यं बोललो नाही. लाज वाटली. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.
निघताना तिने नेहमीसारखी सुकटीची पुडी हातात दिली आणि विचारलं, "फुडली बढती कवा?"

रात्री आठ.
महिन्याला सात म्हणजे शहाऐंशी महिने. एप्रिल १९६६ उजाडेल. ते काही नाही. आपणहून तीन घालून दरमहा पुरते दहा द्यायचे, ठरलं.
मे महिन्यापासून. या महिन्यात पेढेवाल्याची उधारी आहे.