चौथी चिकटपट्टी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच घातला आहे, पण भाव साष्टांगच.) तुमचा गुडघा कसा आहे ते मामींनी कळवावं, तुम्ही खरं सांगत नाही.

प्रयोगशाळेत मी नेमकं करतो काय, असं तुम्ही विचारलं होतंत. पेशीत एखादं प्रथिन बिघडलं किंवा नकोसं झालं, की त्याला युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन चिकटवलं जातं. हे काम तीन एंझाइमांचं. पहिलं युबिक्विटिनला तयार करतं, दुसरं वाहून नेतं, आणि कोणाला चिकटवायचं ते तिसरं ठरवतं. (लग्न जमवताना मामी ही तिन्ही कामं एकट्याच करतात.) पुढचं युबिक्विटिन आधीच्यावर बसतं, अशी साखळी होते, आणि चारेक कड्या झाल्या की पेशी त्या प्रथिनाचे तुकडे करून मोकळी होते. मी त्या तिसऱ्या एंझाइमावर काम करतो. ते कधीकधी स्वतःलाच साखळी लावून घेतं.

प्रयोगशाळेतला फ्रीज बाटल्यांनी तुंबला तेव्हा मी अक्कल पाजळली, की पेशीचाच नियम लावू. नकोशा वाटणाऱ्या बाटलीवर ज्याने त्याने लाल चिकटपट्टी लावायची. चार झाल्या की सफाईवाल्या काकांनी ती फेकायची. सरांनी भर बैठकीत माझी पाठ थोपटली. लोक नको तितके शिस्तीचे निघाले. ते पट्टीवरच पट्टी लावू लागले आणि बाटलीवरचं नाव झाकलं जाऊ लागलं. या तडाख्यात सरांनी हिवाळाभर खपून शुद्ध केलेल्या एंझाइमाची बाटलीही सापडली. कोणाला ती गढूळ वाटली, कोणाला शिळी. काकांनी चार पट्ट्या मोजल्या आणि ठरल्याप्रमाणे मोरीत ओतली.

सर एवढंच म्हणाले, "ज्याने ओतली, तो सोमवारपासून घरी बसेल." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. काका फ्रीज पुसत राहिले. मला त्यांचं फार वाईट वाटतं.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : चौथी पट्टी माझी होती. स्वतःच्याच योजनेच्या उत्साहात नाव न बघता लावली. सर तुमचे कॉलेजातले मित्र, तेव्हा सोमवारच्या आत त्यांना फोन करून हे तुम्हीच सांगाल का? माझी जीभ रेटत नाही.

ता. क. २ : फोन राहू द्या. पाकीट बंद करायच्या आत जाऊन सांगून आलो. काका कामावर राहिले. तुमच्या मागच्या खोलीतली कॉट रिकामी आहे ना? सोमवारी येतो.